गेम चालू होईपर्यंत मौन

…पाच मिनिटं म्हणाला होता हो तो. पाच मिनिटं. आणि मी त्या पाच मिनिटांवर भरवसा ठेवून व्रत धरलं. गेमवाल्यांची पाच मिनिटं म्हणजे पाच तास असतात हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर मी दुसरं काहीतरी धरलं असतं की नाही? चहा सोडला असता, गोड सोडलं असतं, अनवाणी हिंडले असते, अहो भिंतीकडे तोंड करून जेवले असते, पण मौन? मी? शाळेत मी गप्प बसावं म्हणून बाईंनी माझ्याकडे खडूंची पेटी सांभाळायला दिली होती, तर मी त्या खडूंशी बोलत बसले होते, ती मी. आणि मी देवापुढे बसून म्हटलं, देवा, लेकराचा गेम चालू होईपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. हे म्हणताना माझ्या डोक्यात पाच मिनिटं होती हो. पाच मिनिटं काय, मी पाठीला साबण लावतानाही गप्प असते.

तर तुम्हाला सांगते, झालं काय, माझा मुलगा गेम करणाऱ्या कंपनीत आहे. खेळणाऱ्या नाही, करणाऱ्या. हा फरक मी सगळ्या नातेवाइकांना चार वर्षं समजावतेय आणि आमच्या ह्यांना पाच. हे पाणीपुरवठ्यात होते, बत्तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवले, त्यामुळे ज्या कामाला पाना लागत नाही ते काम असं ते मानतच नाहीत. "खेळ करतो म्हणे. आणि करून झाला की?" "मग लोक खेळतात, बाबा." "आणि तू?" "मी तो बंद पडू देत नाही." तेव्हा कुठे ह्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड पडला. म्हणाले, "म्हणजे व्हॉल्व्हमनच की." तेवढ्यापुरते निवळले, पण पुढच्या रविवारी परत विचारलं, "पण बाहेरून आत काय येतं? पाणी तर नाही ना?" 

आत माणसं येतात हो. त्या गेममध्ये एक बेट आहे. आपण होडीनं जायचं, उतरायचं, झोपडी बांधायची, झाडं लावायची, शेजाऱ्याला दोन काकड्या द्यायच्या, त्यानं आपल्याला एक कोंबडी द्यायची. मारामारी नाही, रक्त नाही. मी म्हटलं, अरे, हे तर मी रोज करते, याला गेम कशाला हवा? तर म्हणाला, "आई, तुला शेजारी आहेत. पुष्कळांना नसतात." असं बोलतो कधीकधी. 

तीन वर्षं लागली त्या बेटाला. बावीस माणसांचं ऑफिस, त्यांची एक मोठी बाई आहे, तिला सगळे कॅप्टन म्हणतात. तिनं सगळ्यांना जमवून सांगितलेलं, हे बेट चाललं तर आपण चाललो, नाही चाललं तर सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. आणि त्या बावीस जणांत माझ्या मुलाचं काम काय, तर पहिल्या दिवशी किती माणसं येतील तो आकडा काढायचा आणि तेवढ्यांची आत सोय करायची. आपण कसं, कार्यात किती पानं होतील ते आधी ठरवतो, तसं. त्यानं आकडा काढला, पन्नास हजार. आकडा त्याचा, म्हणून मान त्याची. चुकला तर बाकीचे एकवीस घरी जाणार ते त्याच्याकडे बघत जाणार.

आठ दिवस ऑफिसातच राहिला. फोन केला की म्हणायचा, "आई, जेवलो." आईला कळत नाही का? जेवलेला माणूस 'जेवलो' असं म्हणत नाही, काय जेवला ते सांगतो.

मग मी बसून राहणार होते का? आमचं मंगळवारचं प्रार्थनामंडळ आहे, एकोणीस बायका. मी सगळ्यांना म्हटलं, बायांनो, मुलाच्या गेमच्या दारात पहिलं पाऊल आपलं पडलं पाहिजे, शकुन म्हणून. सगळ्यांनी आपापला फोन आणा, जपमाळ आणा, अकराला दार उघडणार, तुम्ही दहालाच माझ्या घरी. आल्या हो बिचाऱ्या, एकूणएक आल्या. गुडघेवाल्या चौघी खुर्चीवर, बाकीच्या सतरंजीवर, सगळे फोन माझ्या घरच्या वाय-फायला जोडले, ते जोडण्यात पाऊण तास गेला, कारण पासवर्ड आमच्या ह्यांनी ठेवलाय आणि तो एका व्हॉल्व्हचा नंबर आहे. आमच्या मंडळाच्या प्रमुख म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना बाईच म्हणतो. त्या पुढे बसल्या, हातात पेन्सिल, समोर स्टीलचा पेला. मी अकराला दोन मिनिटं असताना देवाला सांगितलं, हात जोडले आणि तोंड मिटलं.

अकरा वाजले. बाईंनी पेल्यावर पेन्सिल मारली, टिंग. एकोणीस बोटं खाली आली. समोर निळाशार समुद्र, एक होडी, फार सुरेख चित्र, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि त्या समुद्रावर अक्षरं उमटली. 'बेटावर सध्या खूप गर्दी आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

मंडळातल्या शिवणाच्या काकू, शिवणक्लास घेतात त्या, म्हणाल्या, "थोडा वेळ म्हणजे किती हो?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगा माझा ना. मी ओठांवर बोट ठेवलं, छताकडे दाखवलं. त्यांना वाटलं, मी म्हणतेय वरच्या मजल्यावर कोणी आजारी आहे, हळू बोला. बाई म्हणाल्या, "कुजबुज नको. थोडा वेळ म्हणजे एक मणी. एक नाम, एक मणी, एक बटण. आणि सगळ्यांनी एका वेळी, मागेपुढे नको." आणि सुरू केलं हो त्यांनी. टिंग. नाम. मणी. बटण. 'कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' टिंग. नाम. मणी. बटण. 'कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.' तुम्हाला सांगते, इतकी वर्षं आम्ही जप करतोय, पण सगळ्यांची माळ अशी कधी एका सुरात चालली नव्हती. कोणाला डुलकी नाही, कोणाचा मणी सुटत नाही. एकशे आठ झाले की माळ डोळ्यांना लावायची, घोटभर पाणी प्यायचं आणि परत पहिल्यापासून. मला तर वाटलं, अशी भक्ती आहे म्हटल्यावर दार उघडल्याशिवाय राहील कसं?

हे दारातून बघत होते. चहाचा ट्रे हातात, तसेच उभे. म्हणाले, "तोटी एक दिसते आणि बादल्या फार. प्रेशर कुठून मिळणार?" बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते ट्रे तिथेच ठेवून आत गेले. तीस वर्षं पोरं ज्या नजरेनं बाकावर उभी राहिली, तीच नजर.

साडेअकरा झाले. बारा झाले. माझी पाच मिनिटं संपून पंचावन्न मिनिटं उलटली. आणि मधल्या विश्रांतीत शिवणाच्या काकूंनी काय करावं? लोक त्या गेमखाली काय लिहितायत ते मोठ्यानं वाचायला घेतलं. त्यांच्या मनात काही नव्हतं हो, त्यांना वाटलं, मी ऐकून खूश होईन. "हे बघा, तीन लाख लोक दारात उभे आहेत म्हणे. काय नशीब काढलंय पोरानं. आणि हा कोण लिहितोय, 'ज्यानं हे बनवलं त्याला या बेटावर नेऊन सोडा आणि होडी परत आणा.' आणि ही एक बघा, 'मी आज रजा घेतली होती, माझी रजा कोण परत देणार?' आणि हा…" हा पुढे जे काही लिहीत होता ते काकूंनी मनातच वाचलं आणि फोन उलटा ठेवला.

तीन लाख. पन्नास हजार पानं मांडली आणि तीन लाख जेवायला आले. कळलं ना तुम्हाला? गावजेवणात भात संपल्यावर आचाऱ्याचं जे होतं ते माझ्या मुलाचं झालं होतं, आणि मी इथे गप्प. एरवी मी त्या काकूंना, त्या लिहिणाऱ्याला, त्याच्या आईला, सगळ्यांना ऐकवलं असतं. पण तोंड मिटलेलं. आतल्या आत शब्द इतके साठले होते, मला खरंच पोटात जड वाटायला लागलं.

मग मी उठले. डबा भरला. ह्यांना खुणेनं सांगितलं, मी ऑफिसात जाते, या बायकांना चहापाणी बघा. खुणा अगदी सोप्या केल्या, दोन बोटं चालवून दाखवली, मग कपाचा आकार. हे म्हणाले, "कळलं. बायकांना चालत घरी सोडू आणि कप घासून ठेवू." संसाराला पस्तीस वर्षं झाली. मी नाद सोडला आणि निघाले. जिना उतरतानासुद्धा मागून ऐकू येत होतं, टिंग… टिंग… आणि माझ्या हातात माझी माळ होतीच, चालता चालता माझंही चालू, फक्त फोन हॉलमध्ये बाईंच्या ताब्यात. कारण बाई म्हणाल्या, "तुमची बटणं मी दाबते, खंड नको."

त्यांचं ऑफिस एका चष्म्याच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. मी आत गेले तर कुणी विचारलंही नाही, कोण तुम्ही, काय हवंय. दाराशी चपलाबूट एकमेकांवर चढलेले, टेबलांवर कपांच्या रांगा, काही कपांत चहाची साय धरून तिचा पापड झालेला. एका कुंडीतलं झाड वाळून गेलं होतं आणि त्याला कुणीतरी चिठ्ठी लावली होती, 'लाँच झाल्यावर पाणी घालू.' भिंतीवर मोठा पडदा, त्यावर एक लाल रेघ, डोंगरासारखी वर गेलेली, खाली यायचं नावच घेत नव्हती. आणि त्या पडद्यासमोर माझा मुलगा. शर्ट उलटा घातलेला. शिवण बाहेर. मी आई आहे हो, मला पहिली शिवणच दिसली. पुढे होऊन म्हणणार होते, अरे राजा… आणि तोंडावर हात दाबला. भिंतीला टेकून डबा धरून उभी राहिले.

त्याच्या शेजारी एक दाढीवाला मुलगा होता, तो तावातावानं सांगत होता. "हा हल्ला आहे. मी तासभर यालाच बघतोय. एकाच पत्त्यावरून एकोणीस यंत्रं. एकदम एकाच क्षणी धडकतात. दर चार सेकंदांनी. माणूस असा दाबतो का? माणूस चिडतो, तीनदा दाबतो, सोडून देतो, शिवी देतो. हे चिडतच नाहीत. आणि गंमत अशी की मोजून एकशे आठ वेळा धडकतात, मग अर्धं मिनिट थांबतात आणि परत एकशे आठ. एकशे आठच का? एवढा शिस्तीतला हल्ला मी आजवर बघितलेला नाही. हे काहीतरी मोठ्या टोळीचं काम आहे."

कॅप्टन मागे उभी होती. उंच बाई, केस वर बांधलेले, त्यात पेन खोचलेलं आणि तेच पेन ती टेबलावर शोधत होती. ती म्हणाली, "हल्ला असेल तर धोका नको. लोकांची माहिती आत आहे. पाच वाजता सगळं उतरवून ठेवू, गेम मागे घेऊ." आणि माझ्या मुलाकडे न बघता म्हणाली, "मग उद्या बोलू." मला या धंद्यातलं काही कळत नाही, पण 'उद्या बोलू' कळतं.

मुलगा पडद्यापाशी सरकला. तो त्या पत्त्याकडे बघत होता. आकड्यांचा असतो तो पत्ता, घरातल्या वाय-फायला असतो. मग हळूच म्हणाला, "एक मिनिट. हा पत्ता ओळखीचा आहे." दाढीवाला म्हणाला, "कुणाचा?" "मी आजारी असताना घरून काम करतो ना… हा माझ्या घरचा पत्ता आहे."  आणि मग त्यानं मान वळवली. भिंतीपाशी मी. एका हातात डबा, दुसऱ्या हातात माळ, आणि अंगठा, तुम्हाला सांगते, अंगठा अजून मणी ओढतच होता, सवयीनं.

"आई," तो म्हणाला, "घरी कोण आहे?"

आता काय सांगू? आणि कसं सांगू? मी ओठांवर बोट ठेवलं. दाढीवाला म्हणाला, "त्या बोलायला तयार नाहीत." जसं काही मला पोलिसांनी धरून आणलंय. मुलगा म्हणाला, "आईनं मौन धरलंय. कधीपर्यंत, आई?" मी पडद्याकडे बोट केलं. त्यानं डोकं धरलं. कॅप्टन म्हणाली, "म्हणजे तुमच्या आईंनी आपल्यावर हल्ला केला?" 'हल्ला' म्हणाली. मला. मी माझ्या देव्हाऱ्याच्या दारातल्या मुंग्यांनासुद्धा फुंकर घालून बाजूला करते हो. मला असं भरून आलं, आणि बोलता येत नाही. भिंतीवर एक पांढरा फळा होता, त्यावर बाणच बाण काढलेले. मी डबा खाली ठेवला, पेन उचललं, एका कोपऱ्यात जागा बघितली आणि लिहिलं, 'तुम्हीच लिहिलंय, पुन्हा प्रयत्न करा. आम्ही केला. यात चुकलं काय?'

वाचलं सगळ्यांनी. दाढीवाला हसायला गेला आणि मध्येच थांबला. माझा मुलगा फळ्याकडे बघतच राहिला. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, "आत्ता दारात किती जण आहेत?" "तीन लाख दहा हजार." "आणि ते सगळे हेच वाचतायत." "हो." "आणि आपलं ऐकतायत." कॅप्टननं कपाळावर हात मारला आणि तिला तिचं पेन सापडलं.

मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, नंतर मुलानं समजावून सांगितलं. म्हणाला, आत जागा त्यानं बारा वाजेपर्यंत वाढवली होती, आकडा चुकला तो कसाबसा भरून काढला होता. पण दार एकच. दारातला माणूस एकाला 'या' म्हणेपर्यंत हजार जण परत दार ठोकायचे, आणि तो बिचारा प्रत्येकाला 'थोड्या वेळाने या' सांगण्यातच बुडालेला, आत सोडायला त्याला उसंतच नाही. कारण आपणच सांगितलेलं, या. पुन्हा या. म्हणजे बघा, आत बेट रिकामं, बाहेर तीन लाख माणसं, आणि मध्ये आमची सभ्यता. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

मुलगा माझ्याजवळ आला, खाली बसला, लहानपणी बसायचा तसा. "आई, तुमच्या मंडळाच्या जेवणाला दाराशी तूच उभी असतेस ना? तिथे गर्दी झाली की तू काय म्हणतेस?" अहो, मला हे कुणी विचारावं आणि मी गप्प? वीस वर्षं मी ते दार सांभाळतेय. सहाशे पानं होतात आमच्याकडे. मी फळ्यावरचा एक बाण पुसला, दाढीवाला "अहो तो नको" म्हणाला तरी पुसला, आणि लिहिलं, 'नंतर या असं कधी सांगायचं नाही. लोक जात नाहीत, दारातच घोटाळतात. नंबराची चिठ्ठी हातात द्यायची. सतरंजीवर बसवायचं. बसा, तुमचा नंबर लागलाय, आम्ही हाक मारू. मग माणूस पायाची घडी घालतो, शेजारणीशी बोलतो. भूक लागली तरी बसतो. नंबर हातात असला की माणूस देवमाणूस होतो.'

दाढीवाल्यानं वाचलं आणि त्याचा चेहराच बदलला. म्हणाला, "चिठ्ठीचं काम मी अर्धं करून ठेवलेलं आहे. सहा महिन्यांपूर्वी. कुणी म्हणालं, पन्नास हजारांना कशाला हवी, म्हणून बाजूला ठेवलं." कुणी म्हणालं ते सगळ्यांना माहीत होतं. माझा मुलगा म्हणाला, "मी म्हणालो होतो. काढ ते. दोघं मिळून करू." एवढंच. सबब नाही, काही नाही. मला त्या क्षणी वाटलं, नोकरी राहो न राहो, पोरगा वाढवलाय आपण.

मग जे सुरू झालं ते मला काय सांगता येणार? बटणांचा आवाज नुसता, पत्र्यावर गारा पडतात तसा. मला कॅप्टननं स्वतः खुर्ची दिली. घरचं थांबवायला हवं होतं, तर मुलानं ह्यांना फोन लावला. "बाबा, सगळ्यांना सांगा, बटणाला हात लावू नका." पलीकडून ह्यांचा आवाज अख्ख्या ऑफिसनं ऐकला, "मी सकाळपासून तेच म्हणतोय. प्रेशर. पण तुझ्या त्या मुख्याध्यापिका ऐकतील तर ना." मग बाईंना फोन दिला. बाई म्हणाल्या, "थांबवता येणार नाही. विसावी माळ चालू आहे, त्रेसष्टावा मणी." मुलगा म्हणाला, "बाई, मणी ओढा. फक्त बटण नको. आज बटणाचा उपास." एवढं म्हटल्यावर काय, लगेच कळलं त्यांना. उपास म्हटलं की आमच्याकडे वाद नसतो. आणि पडद्यावर दाढीवाल्याला दिसलं, एकोणीसच्या एकोणीस यंत्रं एका क्षणात गप्प. तो म्हणाला, "शत्रूपक्ष फार सज्जन आहे."

साडेतीन वाजले. पाच म्हणजे पाच, कॅप्टन घड्याळाकडे बघायची आणि मी तिच्याकडे. माझी माळ चालू, जीभ टाळ्याला चिकटलेली. शेवटी मुलगा म्हणाला, "पाटी बदलतो." पडद्यावर तो निळा समुद्र आला, ती होडी, आणि अक्षरं उमटली. 'बसा. तुमचा नंबर लागला आहे. आम्ही हाक मारू. बटणाला हात लावू नका.' माझंच वाक्य हो. शेवटचं बटणाचं तेवढं त्यानं जोडलं. मी आजवर किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेलं नाही आणि तीन लाख लोकांनी एका वेळी वाचलं.

लाल रेघ तशीच. एक मिनिट. दोन मिनिटं.  आणि मग ती रेघ, तुम्हाला सांगते, दूध उतू जाता जाता आपण गॅस बंद करतो ना, आणि ते फसफसून कडेशी येतं, आणि मग कसं शहाण्यासारखं खाली बसतं… तशी बसली. दारातल्या माणसाला उसंत मिळाली. त्यानं पहिल्या हजारांना हाक मारली. मग दुसऱ्या. कुणीतरी बेटावर उतरलं, पहिली होडी लागली, आणि त्या माणसानं काय केलं असेल? झाड नाही, झोपडी नाही, वाळूत आडवा झाला. पडद्यावर दिसत होतं. वाट बघून दमला होता बिचारा.

सगळे ओरडत होते, दाढीवाला टेबलावर चढला होता, कॅप्टन कुणाला दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. मुलगा माझ्याकडे वळला. म्हणाला, "आई, चालू झाला. सोड मौन."

चार तास छप्पन्न मिनिटं. इतकं साठलं होतं, सकाळपासूनचं, काकूंचं, ह्यांचं, त्या रजावाल्याचं, मला 'हल्ला' म्हटलं त्याचं. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं? "जेवलास का?" एवढंच आलं. आणि तो म्हणाला, "नाही गं." आठ दिवसांत पहिल्यांदा खरं बोलला. डबा उघडला, गार झालेलं होतं सगळं, पण पाच मिनिटांत संपवलं त्यानं. ही पाच मिनिटं मात्र खरी पाच होती, मी बघितली ना.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि जो झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. नोकरी राहिली. एकवीस जणांच्याही राहिल्या. कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाली, आकडा चुकला ते विसरणार नाही, आणि चुकल्यावर जे केलं तेही विसरणार नाही. झाडाला पाणी घातलं त्यांनी, ते काही जगलं नाही, पण घातलं. बाईंना दोन लाख चौदा हजारावा नंबर मिळाला होता, त्या रात्रीच्या जेवणापर्यंत आमच्या सतरंजीवर पायाची घडी घालून बसल्या आणि उतरल्या बेटावर. आता तिथे त्यांची शाळा आहे म्हणतात. मी देवाला नमस्कार केला, म्हटलं, देवा, सुटले. खरंच सुटले हो. छातीवरचा दगड उतरला म्हणतात तो असा उतरतो, नंतर दोन दिवस माणसाला हलकं हलकं वाटतं, उगाच खिडक्या पुसाव्याशा वाटतात.

मग आणखी काय हवं, म्हणाल तुम्ही. काही नको. फक्त ते आमचे हे… त्यांनीही त्या दिवशी नंबर लावला होता, नुसतं बघू म्हणून. उतरले बेटावर. आणि बेटावर कुणाच्या झोपडीत पाणी नाही हे त्यांच्या लक्षात आलं. बस्स. तेव्हापासून नळ टाकतायत. आज तीन आठवडे झाले, सकाळी उठले की बेटावर, दुपारी बेटावर. चार गल्ल्यांचं झालंय म्हणतात, टेकडीवर प्रेशर पोचत नाही. अख्ख्या बेटावर त्यांना व्हॉल्व्हकाका म्हणतात, कुठल्या कुठल्या देशांतली माणसं हाका मारतात, "व्हॉल्व्हकाका, आमच्याकडे थेंब नाही," आणि ह्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर कधी नव्हतं असं तेज. आणि मी हाक मारली, "अहो, जेवायला या, गार होतंय," की म्हणतात, "आलो, हा एक व्हॉल्व्ह." तो एक व्हॉल्व्ह दोन तास चालतो.

काल मी देवापुढे बसले, हात जोडले, डोळे मिटले. म्हटलं, देवा, जास्त नाही, फक्त जेवणापुरता, अर्धा तास, तो सर्व्हर जरा… आणि तिथेच जीभ चावली. लेकराची नोकरी आहे हो ती. मग काय मागणार? म्हटलं, काही नाही देवा, सहज बसले होते. आणि उठले, ह्यांचं ताट वाढलं आणि बेटावर नेऊन दिलं.